या बॉडीचं काही खरं नाही

...आणि वर मलाच विचारतात, "तुला काय वाटतं, बॉडी बदलू का?" आता मला काय वाटणार हो? सकाळची गडबड, माझ्या एका हातात चमचा, दुसऱ्या हातात झाकण, दूध उतू चाललेलं, आणि आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात उभे! गळ्यात कॅमेरा, चेहरा असा की आतल्या खोलीत कुणीतरी अत्यवस्थ आहे. आणि म्हणतात कसे, "या बॉडीचं आता काही खरं नाही!"

बॉडी म्हणजे कॅमेऱ्याची हो! पुढचं भिंग वेगळं आणि मागचा तो काळा ठोकळा वेगळा. त्या ठोकळ्याला फोटोवाले बॉडी म्हणतात. मला हे माहीत, तुम्हाला आता कळलं, पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना कोण सांगणार? हे जिन्यात उभे राहून फोनवर मोठमोठ्याने, "हो हो, जुनी बॉडी घरातच आहे... नाही हो, बुरशी वगैरे काही नाही, कोरड्या जागी ठेवलीय... तुम्ही दुपारी येऊन बघा, पटली तर घेऊन जा!" काकू भाजीची पिशवी घेऊन जिन्यात जागच्या जागी थिजल्या. तासाभराने दार वाजलं. काकू. हातात रिकामी वाटी, साखरेचं निमित्त, आणि नजर माझ्या खांद्यावरून आत. "काय गं, सासूबाई दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत?" अहो, नणंदेकडे गेल्यात! महिनाभर! मी फोन लावून दिला, सासूबाईंचा आवाज ऐकवला, तेव्हा कुठे साखर घेऊन गेल्या.

हसताय? मीही हसले होते. तेव्हा हसू येत होतं.

सुरुवात झाली ती ठिपक्यांनी. आमचं फोटोचं छोटं दुकान आहे, तिथे एका बाळाचा फोटो काढताना ह्यांनी मध्येच कॅमेरा खाली घेतला. "आत धूळ गेलीय. काळे ठिपके दिसतायत." मी म्हटलं, पुसा. पुसले. फुंकरीचा रबरी चेंडू असतो त्याने हवा मारली. भिंग बदललं. ठिपके तिथेच! फोटो बघावा तर काचेसारखा स्वच्छ. आणि हे म्हणतात, "अगं, ही साधी धूळ नाही. हलते. मी बघायला गेलो की पळते." आता तुम्हीच सांगा, धूळ पळते का हो? पण मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "मग झुरळ असेल." इतकं साधं उत्तर दिलं आणि कपडे वाळत घालायला गेले.

मग दुरुस्तीवाला झाला. त्याने कॅमेरा उघडला, आत दिवा धरला, पुन्हा बंद केला. "साहेब, बॉडी ठणठणीत आहे. तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त जगेल." हे घरी आले ते चिडून. "त्याला काय कळतंय? मला दिसतंय ना! या बॉडीचं काही खरं नाही!"

त्यात माझा भाऊ. म्हणजे आगीत तेल नाही, तेलाचा अख्खा डबा. हा मनुष्य दरवर्षी नवीन कॅमेरा घेतो आणि त्याच्यात काढतो काय? स्वतःचं मांजर. झोपलेलं मांजर, बसलेलं मांजर, निघून चाललेलं मांजर. तो आमच्या कोचावर पाय पसरून, "भावोजी, अहो कुठल्या जमान्यात राहताय? नवीन बॉडी डोळा ओळखते, डोळा! समोरच्याचा डोळा पकडते आणि सोडतच नाही! तुम्ही घेऊन टाका!" की झालं. ह्यांनी रोज जेवताना त्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. एक दाढीवाला सांगायचा घ्याच, दुसरा दाढीवाला सांगायचा मुळीच घेऊ नका. हे दोघांनाही मान डोलवायचे. सकाळी घेऊ, दुपारी नको, संध्याकाळी पुन्हा, "तुला काय वाटतं?"

शेवटी मीच कंटाळून म्हटलं, चला, एकदा कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन सोक्षमोक्ष लावू. गेलो. विक्रेता तोंडाने लोण्यासारखा. "या साहेब, बसा साहेब, हातात घेऊन बघा, जीव जडेल!" ह्यांनी नवी कोरी बॉडी डोळ्याला लावली... आणि थांबले. मग हळूच म्हणाले, "याच्यातही धूळ आहे."

विक्रेत्याचं लोणी थिजलं. "साहेब, सील आत्ता तुमच्यासमोर फोडलं!" दुसरा खोका उघडला. त्यातही ठिपके. तिसरा. त्यातही! विक्रेता बिचारा प्रत्येक वेळी स्वतः बघतोय, पुन्हा पुसतोय, त्याचं कपाळ घामाने डबडबलेलं. मी बघितलं, मला सगळं लख्ख. आणि आमचे हे दुकानातून बाहेर पडले ते विजयी मुद्रेने! "बघितलंस? हल्ली धुळीसकटच विकतात!"

तुम्हाला सांगते, तीन नव्याकोऱ्या खोक्यांत तेच ठिपके, तरी आम्हा दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. प्रकाश पडला तो भलतीकडेच! दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी हे बोळकांडीतून येताना दचकले. "अगं, फ्लॅश उडाला का?" कुठला फ्लॅश? कॅमेरा बॅगेत, बॅग कपाटात, कपाटाला कडी! "नाही, उडाला. इथे, कडेला. विजेसारखा." मी जाऊन फ्लॅशमधले सेल काढून घेतले. हे हात धुवायला वळले आणि आरशासमोरून ओरडले, "पुन्हा उडाला!"

सेल माझ्या मुठीत होते हो.

पण बोलले मी काय? "जाऊ द्या, बदला ती बॉडी." आणि हे हाताला साबण तसाच, पाणी वाहतंय, पुटपुटले, "बदलायलाच हवी. हिचं काही खरं नाही." फक्त कुलपांच्या कारखान्याचं काम होऊ दे, म्हणाले, मग बघू.

या कारखान्यातल्या माणसांचा फोटो दरवर्षी हेच काढायचे. सगळे कामगार फाटकासमोरच्या पायऱ्यांवर, पुढची रांग बसलेली, मागचे उभे. यंदाचा शेवटचा. कुलपांच्या कारखान्यालाच कुलूप लागणार होतं, दुसऱ्या दिवशी सगळे दहा दिशांना पांगणार. म्हणजे फोटो हुकला तर पुन्हा काढणार कुणाचा? ह्यांना आदल्या दिवशी जेवण गेलं नाही. मला म्हणाले, "तू चल. मदतीला." खरं सांगू? मदतीला कधी नेत नाहीत मला. मी स्टँड धरला की हलतो म्हणतात.

गेलो. हे शिडीवर, मी खाली शिडी धरून. समोर ती सगळी माणसं. कुणी नवा सदरा घालून आलेलं, कुणी मुद्दाम कामाचाच डगला चढवलेला. गंमत म्हणजे कुणीच गंमत करत नव्हतं. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि ओरडले, "डावीकडचे, पुढे बसलेले... उठून गेले का?"

कुणी उठलं नव्हतं.

"शटर अर्धवट उघडतंय," हे वरून माझ्याकडे बघत कुजबुजले. "खालचा कोपरा काळा येतोय. गेली. बॉडी गेली. आजच जायची होती!" मग मला म्हणतात, तू बघ. मी! शिडीवर! आयुष्यात माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले नाही ती मी, शिडीला मिठी मारत वर गेले आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

"अहो... मला सगळे दिसतायत. पुढचे पण. तो टोकाचा म्हातारा जांभई देतोय."

शिडीच्या पायथ्याशी उभं राहून ह्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि नुसतेच, कॅमेऱ्याशिवाय, त्या माणसांकडे बघितलं. मग तळहात काढला. पुन्हा ठेवला. मी वरून बघत होते. माणसाच्या तोंडावरचं रक्त उतरतं म्हणतात ना, ते मी तेव्हा उतरताना पाहिलं.

"अगं," म्हणाले, "कॅमेऱ्यात नाहीये."

"काय नाहीये?"

"काही नाहीये. कॅमेऱ्यात काही नाहीये. तू खाली ये."

तिकडून मुकादम ओरडला, "अहो फोटोवाले, उरका! हसून हसून गाल दुखायला लागले!" आणि तुम्हाला सांगते, मी म्हटलं आधी दवाखाना, आत्ताच्या आत्ता, तर हे पुन्हा शिडीवर! कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. आयुष्यभर उजव्याने बघितलेलं, डाव्याला काही सरावच नाही, नाक मागच्या पडद्यावर चपटं झालेलं, कोपर भलतीकडे. "हसू नका!" ओरडले. "हसायचं नाही कुणी! जसे आहात तसे बघा माझ्याकडे!" खट्. खट्. खट्. मग उतरले, कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "आता तू धर. मला गाडीपर्यंत ने."

डॉक्टरीण तरुण. तिने डोळ्यात प्रकाश टाकून नीट बघितलं. "डोळ्याचा आतला पडदा सुटलाय. ठिपके कधीपासून दिसतायत?"

हे म्हणतात, "बरेच दिवस. पण मला वाटलं, बॉडीत धूळ गेलीय."

"बॉडीत?" ती दचकली. "कुणाच्या?"

"आणि विजेसारखं काही चमकायचं?" "हो, पण तो फ्लॅश वाटला." "आणि काळं?" "ते शटर." बिचारीने लेखणी खाली ठेवली. ती म्हणाली, दोन्ही डोळे उघडे असताना एक डोळा दुसऱ्याचं उणं झाकून नेतो, म्हणून कळत नाही. तुम्ही फोटोवाले एकच डोळा उघडा ठेवता, म्हणून तुम्हाला तरी दिसलं. मी मनात म्हटलं, संसारात तेच तर चालतं, बाई. "आजच भरती व्हा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. मऊ आवाजाची मला जितकी भीती वाटली ना, तितकी ओरडण्याची कधी वाटली नाही.

शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात कसल्याशा वायूचा बुडबुडा भरला आणि सांगितलं, काही दिवस मान खाली घालून राहायचं. बसताना खाली, जेवताना खाली, झोपताना पालथं. लग्नाच्या इतक्या वर्षांत जे मला जमलं नाही ते त्या मुलीने एका वाक्यात करून दाखवलं! भाऊ भेटायला आला तर ह्यांच्याशी बोलायला बिचारा जमिनीवर उताणा झोपला. "भावोजी, आता तरी घ्या हो नवीन. डोळा लावावाच लागत नाही, मागच्या पडद्यावर बघायचं!" वरून नुसतं "हं."

डोळा वाचला. अर्धामुर्धा वाचला. दिसतं, पण दाराची चौकट पाण्यात धरल्यासारखी वाकडी दिसते. मुकादम फोटो न्यायला आला, त्याने तो मोठा करून काढलेला फोटो हातात घेतला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेला. कुणी हसत नव्हतं. "सगळे आले," म्हणाला. एवढंच. हे खुर्चीत बसून डाव्या डोळ्याने त्याच्याकडे बघत होते.

मग मीच म्हटलं, घेऊ या ती नवीन बॉडी. गेलो. विक्रेता आम्हाला बघून आधी आतच पळाला, मग आला. ह्यांनी डाव्या डोळ्याने तिन्ही बघितल्या. एकही ठिपका नाही. चकचकीत! आणि तरी कॅमेरा परत ठेवला. "काय झालं?" "नको," म्हणाले. "डोळा नवीन आहे माझा. त्याला आधी जुन्यावर शिकू दे." आता दुकानात नाक चपटं करून फोटो काढतात. येतात बरे.

फक्त डॉक्टरणीने निघताना एक सांगून ठेवलंय. दुसऱ्या डोळ्याचा पडदाही पातळ आहे. लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणजे काय करायचं हो? मी चष्मा पुसते. खिडक्या पुसते. दिवे पुसते. घरात धुळीचा कण राहू देत नाही, म्हणजे ह्यांना दिसला तर... जाऊ दे.

परवा मी आत चादरी घडी करत होते आणि बाहेरून हाक आली, "अगं ए, इथे काळा ठिपका दिसतोय! हलतोय!" तुम्हाला सांगते, हातातली चादर तिथेच पडली, मी भिंतीला धरून धरून बाहेर आले. हे भिंतीकडे बोट दाखवून उभे. मी बघितलं.

झुरळ होतं! चांगलं जाडजूड झुरळ, मिशा हलवत भिंतीवर बसलेलं!

"चप्पल आण," हे म्हणाले.

मी मटकन खाली बसले. म्हटलं, राहू दे हो. दोघांनाही दिसतंय ना? मग राहू दे बिचारं.