झेंड्यांची पाटी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चिकपेट मेट्रोच्या रांगेत सुचेतापुढे दोघं बोलत होती.

“कावेरीअक्का, आप्पा पेंटरांच्या जुन्या पाट्यांवरून फॉन्ट जवळपास झालाय. फक्त कन्नड ‘झ’ राहिलाय. त्यांनी रंगवलेला कुठेच सापडत नाही. मलाच काढावा लागेल.”

“शंतनु, झेंडेअण्णांच्या दुकानाची नवी पाटी बघितलीस काय? आप्पांचाच हात हाय. उकाराची शेपटीसुद्धा तीच.”

“कुणीतरी नक्कल केली असेल. तीन वर्षं त्यांचा पत्ता नाही, अक्का.”

“मीबी तेच म्हटलं. पण पहिल्या अक्षराची जागा कोरी सोडलीय. झेंडेअण्णांनी विचारलं, तर पेंटर म्हणाला, ‘झ’ अजून मिळाला नाही, मिळाला की येतो.”

“फॉन्ट मी कुणालाच दाखवलेला नाही.”

“मग स्वल्प, जरा लवकर काढ की.”

“आणि ते आप्पा नसले तर?”

“कोण का असेना. मी पाटीखाली थांबते.”

संध्याकाळी पाच वाजता सुचेता मुद्दाम त्या दुकानावरून गेली. पाटीवर ‘झ’ होता, रंग ओला होता. खाली कावेरी फोनवर बोलत होती.

“‘झ’ आत्ताच काढलास म्हणतोस? इथं तर कोणीच आलं नाही रे. मी सकाळपासनं इथनं हललेच नाही.”