उघड्या मानेचं वाण

नाही हो दादा, असं नव्हतं माझ्या डोक्यात — मला वाटलं होतं सात वाफे असतील एका रांगेत, मेथी, पालक, वांगी, कडेनं शेवगा, आणि मधून कोंबड्या फिरतील, किडे वेचतील, खत टाकतील — माझ्या वहीत तरी तसंच होतं, रंगीत पेन्सिलीनं काढलेलं. आणि सापडलं काय? तर कोंबडी वाफ्यात शिरली की किडा नंतर, आधी मेथी. सगळी मेथी उकरायची आणि तिथंच धुळीत अंघोळ करायची. पहिल्या महिन्यात एक वाफा जगला नाही माझा. शेवटी बांधापलीकडच्या बानाआजीनं बोरीच्या काट्या ओढत आणल्या, म्हणाली, "माय, आधी कोंबडीला आडव, मग मेथीला पानी दे. दिल्लीला हे शिकवत नसतेत का?" नसतात शिकवत. मी तर गावाला शिकवायला आले होते ना. सातवीपासून बाहेर, आधी पाचगणीचं हॉस्टेल, मग दिल्ली. इथली पोरं उठून वाळूजला कंपनीत जातात, तुमच्यासारखी, आणि मी उलटी — करमाडपासून चार किलोमीटर आत, वडिलांनी पडीक टाकलेल्या पाऊण एकरात. बसा की. त्या डालग्यावर नको, त्याच्याखाली कोंबडी आहे.

तीच? तीच पाहिजे तुम्हाला? — नाही, ती नाही. त्या तपकिरी बघा, भरलेल्या आहेत, अंडी भरपूर, दोन न्या, चार न्या. ती विकायची नाही. उघड्या मानेची आहे म्हणून म्हणताय, हो, माहितीय, चव वेगळी असते म्हणतात, पण ती माझी नाहीच. बानाआजीची आहे. — आजीनंच पाठवलं? वाटेत भेटली? आणि काय म्हणाली? — "तनूच्या हाताला गुण हाय, तिच्याकडून न्या." म्हणाली ना. सगळ्यांना म्हणते. दवाखान्यात म्हणाली, बाजारात म्हणाली, परवा पिठाच्या गिरणीवर म्हणाली, मी शेजारी उभी होते.

थांबा, तुम्हाला तपकिरी धरून देते. — बघा, ह्या पशुसंवर्धन खात्याकडून आणलेल्या, सुधारित. अंडी घालतात, पण बसत नाहीत. खुडूक होतच नाहीत. म्हणजे अंड्यावर एकवीस दिवस बसून पिल्लं काढायची, हे ह्यांच्या रक्तातूनच गेलंय. हेही मला इथं आल्यावर कळलं. मग पिल्लं कशी काढायची? तर बानाआजीची कोंबडी आणायची उसनी. तिच्या कोंबड्या तशा — मानेवर पीस नाही, दिसायला कुरूप, उन्हात तडफडत नाहीत, बसल्या की उठत नाहीत. तिच्या आईनं तिला नांदायला पाठवताना एक कोंबडी दिलेली. हे मेंढरंवाले लोक, दादा, सहा-सहा महिने रानोमाळ, आणि घोड्याच्या पाठीवर अंथरुणं, भांडी आणि वर डालग्यात कोंबड्या. त्या कोंबडीची लेक, तिची लेक, अशी चाळीस-पंचेचाळीस वर्षं. आता आजीचे गुडघे गेले, म्हणून तिचे मालक, मुंजाबा बाबा, एकटे मेंढरं घेऊन जातात, ती इथं वस्तीवर कोंबड्यांना घेऊन. नावं होती सगळ्यांना — राखुंडी, कवडी, एक रागीट होती तिला सासू म्हणायची. ही टकली. माघात आजीनं ही मला दिली, माझ्या तपकिरींची अंडी स्वतः निवडली, एकेक मुठीत धरून उन्हाकडं बघून — तेरा, चौदा नाही, जोडीनं ठेवायची नसतात म्हणे — आणि टोपलीत एक गंजका खिळा टाकला. मी विचारलं, खिळा कशाला? तर वीज कडाडली की अंडी नासतात, लोखंड ओढून घेतं. मी हसले. काय वाटत असेल तिला, मी हसायचे तेव्हा.

हो, मग टकली इथं होती. म्हणून तर जगली. — कशातून म्हणजे? मर आली ना आमच्याकडं. मानमोडी, कोंबड्यांची साथ. होळी झाली आणि आली. तुमच्या गावाकडंही येत असेल.

लस असते तिच्यावर. मी आले तेव्हापासून हेच सांगत होते बायांना, लस टोचा, लस टोचा. एक बाई तयार होईना — टोचलं की कोंबडी अंडी सोडते, पाय लुळा पडतो. आजी तर सरळ म्हणायची, "माझ्या मायनं टोचलं नाय, म्या बी टोचनार नाय." पाच महिने, दादा, मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. भाकरी खाल्ल्या तिच्या, पिल्लं मोजली, नुसतं ऐकलं. आणि एक दिवस सकाळी मी माझ्या कोंबड्यांना टोचत होते, ती बांधावर उभी राहून बघत होती, बघत होती, आणि म्हणाली, "आन बरं तुजं औशद माझ्याकडं बी." मला काय झालं तुम्हाला सांगू — मला रडू आलं. पण तिच्या कोंबड्या उजाडताच रानात जातात, दिवस बुडताना बाभळीवर येऊन बसतात, तेव्हाच हाती लागतात. म्हणजे संध्याकाळी.

आणि लसीचं असं असतं की बाटलीत भुकटी, तिच्यात पाणी मिसळलं की दोन तास. बर्फावर ठेवून दोन तास. बाटलीवर लिहिलेलं असतं. एक बाटली शंभर पक्ष्यांची, माझे चाळीस झाले, साठांची शिल्लक. मी सकाळी सातला मिसळली होती.

आजीच्या तेवीस कोंबड्यांना मी टोचली तेव्हा सव्वासहा वाजले होते. संध्याकाळचे. मधे अकरा ते चार लाइट नव्हती, फ्रिजमधला बर्फ पाणी झाला होता. मला माहीत होतं. चुकून नाही हो, माहीत होतं, हेच तर — न कळून केलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. नवी बाटली यायला पंधरा दिवस लागणार होते. पंधरा दिवसांत आजीचं मन फिरलं तर? मुंजाबा बाबांचा फोन आला आणि ते नको म्हणाले तर? मला तिचा तो होकार वाया घालवायचा नव्हता. मी म्हटलं, थोडाफार गुण तर असेलच, नसला तर नसला, भीती तर मोडेल — नवी बाटली आली की पुन्हा टोचू, बूस्टर म्हणून सांगू. ती एकेक कोंबडी बाभळीवरून काढून माझ्या हातात द्यायची, पंख उचलून धरायची, कोंबडीशी बोलायची, "झालं झालं, माय, झालं." मी तेवीस वेळा पाणी टोचलं.

मग नवी बाटली आली का? आली. मी आणायला गेले नाही लगेच. दिल्लीहून माझ्या संस्थेचे लोक येणार होते, त्यांना परसबाग दाखवायची होती, दोडक्याला मांडव नव्हता — आज जाते, उद्या जाते. आणि मांडव झाला, आणि मर आली.

आता ऐका, ह्यांची एक रीत आहे. मर आली असं कानावर आलं की आधी वाण काढायचं. दोन कोंबड्या, एक कोंबडा, डालग्यात घालायचे आणि जिथं मर नाही तिथं पाहुण्याच्या घरी पोचवायचे. बाकीच्या मेल्या तरी चालतील, वाण राहिलं पाहिजे. आजीची लेक चितेगावला दिलेली. आजीनं राखुंडी, कवडी आणि कोंबडा असं डालगं बांधलं, ओढणी घातली वरून, रिक्षावाल्या कडूबाला बोलावलं. आणि मी आडवी गेले. मी म्हटलं, "आजी, असंच तर रोग पसरतो, तुझ्या लेकीच्या वस्तीतल्या मारशील." हे खरंय, दादा, हे पुस्तकातलं खरंय, आजही मी तेच सांगेन. पण तेवढ्यानं ती थांबली नसती. ती म्हणाली, "पसरंल तर पसरंल, माझ्या मायचं वाण हाय." तेव्हा मी म्हटलं — "पण तुझ्यांना लस दिलीय ना. काही होत नाही आता." बस. एवढंच. तिनं माझ्याकडं बघितलं आणि डालग्याची दोरी सोडली. कडूबा म्हणाला, "मावशी, बसायचं का नाय?" तर त्याला म्हणाली, "जा बाबा, आमच्या कोंबड्या शिकल्यात आता."

पाचव्या दिवशी पहिली झोपली. मान वाकडी, हिरवं हगणं, मग एकेक. लसूण भरवला, हळद भरवली, कोंबडा तर मांडीवर घेऊन बसली होती दुपारभर, उन्हात, पदराची सावली करून. मी खड्डा खणायचा आणि चुना टाकायचा म्हणून सांगत होते — मला तेवढं येतं, बघा, खड्डा आणि चुना. तिनं मला फावडं धरू दिलं नाही. ओळीनं ठेवल्या, प्रत्येकीचं नाव घेऊन. तेविसाव्या दिवशी... नाही, दिवस नाही, तेविसाव्या कोंबडीला — सासू होती ती — म्हणाली, "लई भांडलीस, आता नीज."

माझ्या चाळीस? एक मेली नाही. टकलीपण नाही, कारण तिला सकाळी टोचलेलं, माझ्यांबरोबर. कुणीही शहाणा माणूस विचारेल ना — एकच औषध, एकच दिवस, एकीकडं सगळ्या मेल्या, एकीकडं सगळ्या जगल्या, कसं? आजीनं विचारलं नाही. आजीनं स्वतःच उत्तर काढलं — तिच्या हाताला यश नाही, माझ्या हाताला आहे. "म्या धरल्या म्हनून गेल्या, माय. तुझ्या दारातली बघ, हसतीय."

तुम्हाला कशाला सांगतेय मी हे सगळं. कोंबडी घ्यायला आलात तुम्ही.

काल संध्याकाळी टकली काखेत घेऊन तिच्याकडं गेले होते. एकवीस दिवस कधीच उलटले होते, पिल्लं मोठी झाली होती, कोंबडी परत करायची होती, आणि सगळं सांगायचं होतं, वाक्य पाठ केलेलं. तिनं घेतली, मानेवरून हात फिरवला, नंतर माझ्याच हातात दिली परत. "माझ्या घरी नको. हितं मरंल. तुझ्याकडंच राहू दे, वाण तरी ऱ्हाईल." एकट्या कोंबडीचं कसलं वाण, त्या जातीचा कोंबडा कुठंय — तिला माहीत नाही का हे? माझ्यापेक्षा जास्त माहितीय. आणि मी काय केलं? मी "बरं" म्हटलं. बरं म्हणून कोंबडी घेऊन आले.

वडिलांना फोन केला. ते शहरात असतात, बँकेत. ते म्हणाले, "सांगू नकोस. सांगितलंस तर उद्या एक बाई लस टोचू देणार नाही, पुढच्या वर्षी गावातल्या सगळ्या मरतील, त्यापेक्षा तेवीस गेल्या त्या गेल्या." बरोबर बोलतात ते. मला झोप लागली त्याच्यावर, खरं सांगते. छान लागली.

आणि आज सकाळी केसरबाई आली. टोपलीत सहा कोंबड्या. "तनूबाई, तुमच्याच हातानं टोचा, बानाबाई म्हनली तुमच्या हाताला गुण हाय." कालच आणलेली नवी बाटली मिसळली, बर्फावर ठेवली, तिच्या सहा, मग आणखी दोघी आल्या त्यांच्या अकरा. नऊ वाजले. उरलेली मी उकळत्या पाण्यात ओतून टाकली. केसरबाई तिथंच बसलेली, म्हणाली, "अगं बाई, ओतली कशाला? बानाबाईला तर दिवस बुडंपर्यंत चालली व्हती की." कसं विचारलं — साधं विचारलं, चहा पीत. आणि माझ्या तोंडून निघालं, "ही वेगळी आहे, मावशी. ती जुनी होती, ती टिकायची." एक क्षण लागला नाही, दादा. अडखळले नाही. केसरबाई "व्हय का" म्हणाली, पदराला हात पुसले आणि सहा कोंबड्या घेऊन गेली.

ती गेल्यावर मी इथंच बसले होते, ह्या दगडावर. मला भीती कशाची वाटली माहितीय? तेवीस कोंबड्यांची नाही. मला कळलं की मला हे येतं. आणखी दहा वर्षं मी इथं राहीन, लस टोचीन, बाया माझ्या पाया पडतील, आणि मला हे येत राहील. म्हणून सकाळी ठरवलं. सांगायचं. तिला आधी, मग केसरबाईला, मग सगळ्यांना. माझ्या हाताला कसला गुण नाही, लस मेलेली होती, तुझ्या हाताचा काही दोष नव्हता, हे तिला आज कळलं पाहिजे — ती रोज तिच्या हातांकडं बघते हो. बाया टोचू देणार नाहीत तर नाही देणार. मी पुन्हा पाच महिने ओट्यांवर बसेन. ओट्यावर चढू नाही दिलं तर खाली बसेन.

डालगं उचलतच होते तेवढ्यात तुम्ही हॉर्न दिलात.

नाही, तपकिरी पण नको आज. परत या कधी — किंवा नका येऊ, करमाडच्या बाजारात मिळतात चांगल्या. उठा, दादा. तुमची गाडी तिच्या वाटेत लावलीत तुम्ही, ती काढा तेवढी. मला जायचंय.