सोबतची होडी

हसणार नसाल तर सांगते. आमचे हे दुबईला आणि मी बाळाला घेऊन रेवदंड्यात. रविवारी दुपारी कानात इअरफोन घालून दोघं अंतराळातल्या लढाईचा गेम खेळतो, तेवढंच आमचं एकत्र बसणं. उजव्या हातात विमान वळवायची जॉयस्टिक, डाव्या हातात वेगाचा थ्रॉटल.

परवा शत्रू मागं लागला. हे म्हणाले, "डावीकडे वळ." मी जॉयस्टिकचा दांडा उजवीकडे दाबला आणि यांच्याच विमानावर आपटले.

"अगं, डावीकडे!"

"मग? होडी डावीकडे न्यायची तर सुकाणूचा दांडा उजवीकडेच दाबतात. बाबांनी तसंच शिकवलंय."

"कोळ्याची पोर ती," म्हणून हे हसले, आणि तेवढ्यात आवाज तुटला. यांचं विमानही दिसेना. थ्रॉटल मागं ओढून मी तिथंच घिरट्या घालत राहिले. शेवटी शत्रूनं मला फोडलं.

संध्याकाळी यांचा फोन आला. "नेट गेलं होतं गं. तू तळावर परत जायचंस ना, थांबलीस कशाला?"

"सोबतची होडी दिसेनाशी झाली तर आमच्यात कुणी बंदरात शिरत नाही."

मग हे म्हणाले, "गणपतीला येतो."

गेल्या गणपतीलाही येणारच होते.