शिलाईपुढे शून्य

मोठ्या दुकानाच्या ऑफिसबाहेर बाकावर मी पेपर वाचत बसलो होतो. शेजारी एक नवरा-बायको येऊन टेकले. त्याच्या हातात हिशेबाचा कागद, तिच्या मांडीवर शाळेच्या दप्तराचा नमुना. झालं, पेपर राहिला बाजूला.

“एका दप्तराचा खर्च काढलात, त्यात कापड धरलं?”

“धरलं.”

“चेन, दोरा?”

“धरला गं. वीज धरली, टेम्पोसुद्धा धरला.”

“आणि हा घसारा कसला?”

“मशीन चालवून झिजतं ना, त्याचा.”

“अस्सं! मग शिलाईपुढे शून्य का?”

“शिलाई तूच करतेस की.”

“म्हणून?”

“घरच्या माणसाची मजुरी कोण धरतं?”

“मशीनही घरचंच आहे! त्याची झीज धरलीत. माझी मान धरली, ती नाही धरलीत?”

“हळू बोल, तो माणूस ऐकतोय.”

“ऐकू दे! पेपर उलटा धरलाय त्याने.”

“अगं, तुझी मजुरी धरली तर साहेबांना कळवलेला दर वाढेल, ऑर्डर जाईल.”

“जाऊ दे खड्ड्यात! हजार दप्तरं फुकट शिवायची मी?”

“पुढच्या ऑर्डरला नक्की धरू.”

“मागच्या वेळी हेच म्हणाला होतात!”

तेवढ्यात शिपायाने दार उघडलं.

“दप्तरवाले, चला आत. साहेब विचारतायत, एवढ्या स्वस्तात शिवतं कोण?”

तो तोंड उघडणार, तोच तिने नमुना त्याच्या हातात कोंबला.

“मशीन शिवतं! ह्यांच्या कागदावर ते एकटंच शिवतं. मी चालले घरी.”