मशीनीवरचं भेव

माहं माहेर मोहगावचं, अन् देलं बोरगावले, संत्र्याच्या बागेत. वीसेक वर्सं बागेत राबली, कधी दवाखान्याचं तोंड पाह्यलं नवतं. मंग पाय सुजले, तोंड सुजलं, डॉक्टर म्हने दोन्ही किडन्या गेल्या. तवापासून हप्त्यातून दोनदा पांढुर्ण्याले डायलिसिस, चार-चार घंटे. आपलंच रक्त नळीतून बाहेर जाते अन् आपन पाह्यत रायतो, काय सांगू तुमाले बाई, पहिल्या दिवशी मी डोळेच उघडले नाही.

तिथं एक सिस्टर हाये, मशीन चालू झाली का स्टूल घेऊन आमच्यापाशी बसते अन् शिकवते. मनात काय चालू हाये त्याले नाव द्या म्हने, राग हाये का भेव हाये का लाज हाये, अन् घरच्या एका मानसाले तरी सांगा. मले वाटे, हे काय शिकवाची गोष्ट हाये? मले इचारलं का मी म्हनो, मजेत हाये. घरीबी तेच. पोरगी परीक्षेचा अभ्यास करून राहिली, हे दिवसभर बागेत, कोनाले सांगू?

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. डॉक्टरनं पानी मोजून देल्लं, दिवसाचे दोन गिलास, दूध-चहाबी त्यातच. पन आमच्याकडे वान घ्याले आलेली सवासीन तोंड गोड केल्याबिगर उठत नाही, अन् नाही म्हनलं त बाया इचारतील काहून, मंग सांगा लागीन, मंग कीव करतील. म्हनून घरोघरी दूध पेलं, चहा पेला. पाचव्या घरी बसल्या जागी दम लागला, छातीत पानी भरलं. बायायनं ह्यायले बागेतून बलावलं, ह्यायनं दवाखान्यात न्याले गाडी काढली, रस्ताभर इचारून राहिले काय होते, काय होते, अन् मले श्वास घेता येत नवता तरी मी म्हनत होती, काही नाही, काही नाही. अशी मी येडी.

मशीनीवर दम बसला. सिस्टर रागावली नाही, म्हने आता तरी बोला. मंग मी ह्यायच्याकडं पाह्यलं अन् म्हनलं, मले भेव लागून राहिलं, मराचं भेव. हे माह्या चपला हातात घेऊन उभे होते. म्हने, मलेबी लागते, तुले दिसू नये म्हनून मी बागेत जाऊन रडतो. मंग आमी दोघंबी रडलो, सगळ्याइसमोर.

भेव गेलं काय? नाही गेलं. काल दवाखान्यात माह्या बाजूची खाट रिकामी होती, तिथं मशीनीवर रायते ते बाई आली नाही, मी कोनाले इचारलं नाही. घरी येऊन ह्यायले सांगतलं. हे माहा हात धरून बसून राहिले. परवा पुन्हा जाचं हाये. तुमाले देव धडधाकट ठेवो, बाई, अन् घरी असं हात धरनारं मानूस असू देवो.