काळं तेवढं खाऊ नका

…आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही बोकड मीच पाडायला लावला आणि आता मीच रडत बसलेय. तुम्हाला सांगते, मटण खाऊ नका असं मी म्हटलंच नव्हतं. मी स्वतः खाते, हाड चोखून खाते, पाहुण्यांसमोर जरा तोंड फिरवून खाते एवढंच. मी काय म्हटलं होतं? काळं तेवढं खाऊ नका. भुजताना कडेकडेनं जळून कोळशासारखं होतं ना, ते. ते खरडून टाका आणि बाकीचं खुशाल खा. यात कोणाच्या पोटात दुखण्यासारखं काय आहे, सांगा बरं?

झालं असं, की वडनेरला आमचं वावर आहे, आमचं म्हणजे सासरचं. कापसाची शेवटची वेचणी झाली की दरवर्षी घरचे सगळे वावरात जमतात, बोकड पडतो, आणि रस्सा चुलीवर चढायच्या आधी कलेजी निखाऱ्यावर भुजतात, वरून नुसतं मीठ. आणि रीत अशी, की घरात नवं लेकरू असलं तर त्याचा मटणाचा पहिला घास या कलेजीचा. आदेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तसाच खाल्ला, त्याच्या वडिलांनी तसाच खाल्ला, आणि यंदा पाळी कोणाची? माझ्या मोनीची! दीड वर्षाची आहे हो, दाढा आता कुठे फुटून राहिल्यात.

आता माझी अडचण ऐका. मी एमएस्सी आहे, केमिस्ट्री. हिंगणघाटच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते, मोनी झाली तशी घरी बसले. आणि घरी बसलेल्या शिकलेल्या बाईच्या एका हातात लेकरू आणि दुसऱ्या हातात मोबाईल असला, की काय होतं? ती वाचते! मी वाचलं. चरबी निखाऱ्यावर टपकते, तिचा धूर होतो, धुरातलं विष मांसाला चिकटतं. शिवाय मांस करपलं की त्याच्यात आणखी वेगळं विष तयार होतं. आणि त्यानं कॅन्सरचा धोका वाढतो. किती वाढतो? तर 'वारंवार खाल्ल्यास'. वारंवार म्हणजे किती हो? रोज? आठवड्यातून एकदा? वर्षातून एकदा वडनेरला? प्रयोग उंदरांवर केले म्हणे, तर ते उंदीर मोठे होते की दीड वर्षाच्या लेकराएवढे… म्हणजे उंदरांच्या हिशेबानं? कोणी सांगत नाही. एक म्हणतो हळद-लिंबू लावून ठेवा, विष कमी बनतं. दुसरा म्हणतो आधी शिजवून घ्या आणि मग नुसतं शेका. आणि कलेजीबद्दल तर कोणी धड बोलतच नाही. एवढं वाचून मला काय कळलं? तर धोका आहे. आणि बहुतेक नाही.

आदेशला विचारलं, तर म्हणे, तूच ठरव. किती गोड वाटतं ना ऐकायला? तूच ठरव म्हणजे काय असतं, माहीत आहे? उद्या लेकराला शिंक आली तरी घरभर एकच वाक्य फिरतं: तिनंच ठरवलं होतं.

तर वावरात पोचल्या पोचल्या मी सासूबाईंना गाठलं, अगदी हळू आवाजात समजावलं, विष हा शब्दसुद्धा टाळला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मिरच्या निवडता निवडता म्हणाल्या, "तुह्या नवऱ्याले म्या याच आगीवरचं चारलं वं. काय झालं त्याले?"

मी आदेशकडे पाहिलं. तो बोरीच्या झाडाखाली उभा राहून दातानं सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडत होता. आता त्याला काय झालं, हे मी त्याच्या आईला सांगू?

म्हणून मग मी हातापाया पडले आणि एवढंच म्हटलं, की बाकी काय करायचं ते करा, फक्त काळं तेवढं खाऊ नका, आणि मोनीला मी देईपर्यंत कोणी काही द्यायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, बरं. तुम्हाला सांगते, आमच्या सासूबाई भांडल्या तर मी निवांत असते. त्या 'बरं' म्हणाल्या की मला सारखं मागं वळून पाहावं लागतं.

त्यात आमचे दीर, रोशनभाऊ, पुण्याहून बार्बेक्यूची मशीन घेऊन आलेले. पायवाली, चाकंवाली, वर जाळी. म्हणे, वहिनी, टेन्शनच नाही, ही एकदम हायजेनिक. आणि मशीनसोबतचा कोळसा? तो पुण्यातच राहिला! मग त्या हायजेनिक मशीनमध्ये काय घातलं असेल? पऱ्हाट्या. बांधावर कापसाची झाडं उपटून रचून ठेवली होती, तीच मोडून घातली. मी एवढंच विचारलं, या पऱ्हाट्यांवर फवारणी झाली होती ना? झालं! रोशनभाऊ म्हणे निळ्या डब्यातलं औषध मारलं, आमचे चुलत सासरे अण्णाजी म्हणे निळं तुरीवर मारलं, कापसावर ते वासाचं मारलं, आणि बोंडअळीसाठी मारलं ते कोणतं, यावरून दोघं असे जुंपले, की माझा प्रश्न बोंडअळीनंच खाल्ला.

शेवटी अण्णाजींनी बिडी पेटवली, एक मोठा झुरका घेतला आणि माझ्या लेकीच्या तब्येतीवर निकाल दिला. म्हणाले, "शिकेल सून हाय, तिले समजते. तिलेच भुजू द्या."

आणि सगळ्यांना पटलं! विरोध केला असता तर बरं झालं असतं, मी रागावून झाडाखाली जाऊन बसले असते. पण नाही. मला मशीनसमोर पाटावर बसवलं, एका हातात चिमटा दिला, दुसऱ्या हातात चाकू. मी भुजतेय, खरडतेय, भुजतेय, खरडतेय, आणि जो तो पानात तुकडा घेऊन माझ्यासमोर उभा. सरिता, हे पास का नापास? वहिनी, हे जरासं काळं हाय, चालते का? अण्णाजी तर डोळ्याला चष्मा लावून विचारतात, सूनबाई, हे काळं का भुरं? मी म्हणते, भुरं आहे, खा. आणि मनात म्हणते, बाई गं, भुऱ्याबद्दल आपण काही वाचलंय का?

आणि धूर! उजवीकडे सरकले तर उजवीकडे, डावीकडे सरकले तर डावीकडे, शेवटी माझ्या लक्षात आलं की धूरही सासरचाच आहे. तोंडाला पदर बांधला तर रोशनभाऊ म्हणे, वहिनी, एवढं काय, खुल्या हवेत तर आहो आपण. खुली हवा त्यांच्याकडे होती हो! माझ्याकडे सगळ्या घराचा धूर होता. कोणाच्याही पोटात काळं गेलं नाही, सगळं नाकानं माझ्यात गेलं. खरडलेल्या काळ्याचा पानावर ढीग झाला, तो मी कुत्र्याला टाकला, कुत्र्यानं वास घेतला आणि निघून गेलं. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला! अख्ख्या वावरात कोणीतरी एक माझ्या बाजूनं होतं.

मोनीची कलेजी मात्र मी वेगळी ठेवली होती. हळद-लिंबू लावलेली, छोट्या गंजात, म्हणजे पातेल्यात, आधी शिजवून घेतलेली, आगीला नुसती दाखवलेली. रीतही राहिली आणि लेकरूही वाचलं, असा मधला मार्ग. पळसाच्या पानावर झाकून बाजूला ठेवली आणि डोळे पुसायला म्हणून एक मिनिट उठले. परत येते तर पान मोकळं. अण्णाजी म्हणाले, "लय मऊ होती वं. मले दात नाईत ना."

मी वळून मोनीकडे पाहिलं, आणि माझ्या हातातला चिमटाच पडला. लेकीचं तोंड काळं! ओठ, हनुवटी, झबल्याची बाही, सगळं काळं. आजी शेजारीच बसलेली. मी धावतच गेले आणि जे इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं, सासूबाईंवर आवाज चढवला, की आई, म्हटलं होतं ना तुम्हाला, काळं देऊ नका!

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "म्या काईच नाई देल्लं. तू देजो नोको म्हणली, म्या हात नाई लावला. तिनं तिच्या हातानं घेतलं."

काय घेतलं? तर कोळसा! सकाळच्या चहाच्या चुलीतला, विझलेला, थंडगार. माझी लेक मांडी घालून तो फुटाण्यासारखा कुरकुर खात होती. मी तोंडात बोट घालायला गेले तर दातच लावून घेतले. आदेश आला. त्याला म्हटलं, आता काय करू? तर काय म्हणाला असेल? बरोबर. तेच. तुपकट हातानं मी मोबाईल काढला, तर तिथं काय लिहिलेलं? कोळसा दातांच्या पेस्टमध्ये घालतात. विष पोटात गेलं तर दवाखान्यात एका जातीचा कोळसाच पाजतात. म्हणजे मांसावरचं काळं विष आणि चुलीतलं काळं औषध? का ते काळं वेगळं आणि हे काळं वेगळं? मी एमएस्सी आहे हो, आणि चुलीपुढं लेकरू धरून मला सांगता येईना!

सासूबाई म्हणाल्या, "जबरीनं नाई उघडत ते. काई तरी चांगलं दाखव, उघडंल तोंड."

चांगलं काय उरलं होतं? जाळीवर शेवटची एक कलेजी राहिली होती. मी उठल्यापासून तिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं, कडेनं करपून कर्र झालेली. आणि सगळं घर बघतंय, अण्णाजींनी तर बिडी विझवली. मग मी, हळद-लिंबूवाली मी, उंदीरवाली मी, ती कलेजी स्वतःच्या हातानं उचलून, फुंकून, तुकडा तोडून मोनीसमोर धरला. तिनं तोंड उघडलं. कोळसा खाली पडला. मी तुकडा भरवला. झाली रीत! तिनं एकदा चावला, दोनदा चावला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या तळहातावर थुंकून टाकला आणि पुन्हा चुलीकडे हात केला.

मग सासूबाई उसासा टाकून म्हणाल्या, "मायवर गेली."

तो तुकडा माझ्या हातातच राहिला. टाकवेना. सगळ्यांची पाठ फिरल्यावर खाल्ला मीच, काळ्यासकट. आणि आता तुमच्यापासून काय लपवू… काळंच जास्त चवदार होतं.