आधी न्याहारी

सातपूरच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एकाच कंपनीतल्या दोघी उभ्या होत्या.

"उज्वला, आज शाल नाही?"

"लागतच नाही, मैनाताई. सकाळी थर्मामीटर लावला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सत्त्याण्णवच्या वर गेला!"

"आधी तर सकाळी हात बर्फासारखे असायचे तुझे."

"डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगलेत, पण दुपारपर्यंत पोटात काही नाही, मग अंगात ऊब येणार कुठून? आता उठले की नाचणीची गरम पेज, तूप-भाकरी, मग गच्चीवर उन्हात चालते."

"डबे करायच्या आधी?"

"आधी!"

"सासूबाई काही बोलल्या नाहीत?"

"काल बोलल्या. 'मी जन्मभर सगळ्यांच्या मागून खाल्लं. उद्या माझीपण पेज ठेव.' आज दोघी बरोबर बसलो."

"आणि डबे?"

"ह्यांनी भरले."